सर्व काही चौकटीत यावे काय?

एखादी वस्तू विकत घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न बाजाराचा आणि खिशाचा. त्यात धर्मविचाराचा संबंध तो काय, असे पुष्कळांस वाटेल. गेल्या मार्गशीर्षापर्यंत आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु कॅमेऱ्याच्या एका भिंगावरून आमच्या घरात जो वाद उपस्थित झाला, आणि तो मिटता मिटता जे काही हाती लागले, ते केवळ घरापुरते ठेवणे योग्य नव्हे असे वाटल्यावरून तो विषय आज वाचकबंधुभगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रसंग असा. जुनी इंदुरातील आमचा वाडा आता आमचा राहणार नव्हता. पणजोबांनी बांधलेल्या त्या वास्तूत एके काळी पाच चुली पेटत. अलीकडे एकच पेटत असे. वासे वाळवीने पोखरलेले, कौले दर पावसाळ्यात गळणारी, आणि वारसांची संख्या मात्र वाशांहूनही अधिक. शेवटी सर्वांच्या संमतीने वाडा देऊन टाकण्याचे ठरले व गुढीपाडव्यास किल्ल्या हवाली कराव्यात असा करार झाला. तत्पूर्वी रथसप्तमीस सर्व शाखांनी एकत्र यावे, कुलदैवताची पूजा व्हावी, चौकात शेवटची पंगत बसावी, आणि ओसरी, चौक व माणसे मिळून एक छायाचित्र काढून ठेवावे, असा बेत झाला. छायाचित्राचे काम आमच्या पुतण्याकडे आले. त्यास या कलेची आवड आहे आणि त्याचा हातही बरा आहे.

चार दिवसांनी तो आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, चौकात मागे सरकायला जागाच नाही. पाठ भिंतीला टेकते, तरी ओसरीची दोन्ही टोकं येत नाहीत. अल्ट्रा वाइड भिंग घ्यावं म्हणतो." किंमत विचारली, तेव्हा त्याने जो आकडा सांगितला तो त्याच्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता. आम्ही तत्काळ त्यास अपरिग्रहावर प्रवचन दिले. पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांपैकी तो पाचवा, गरजेपलीकडचा संग्रह मनास कसा बांधून टाकतो, इत्यादी सर्व काही सांगून झाले. पोराने मुकाट्याने ऐकून घेतले. मग आमच्या खोलीतील पुस्तकांच्या तीन कपाटांकडे त्याने एकदा पाहिले आणि काही न बोलता तो निघून गेला.

ती दृष्टी आम्हांस लागली. त्या कपाटांतील निम्मी पुस्तके आम्ही एकदाही उघडलेली नाहीत. जो संग्रह आपल्या आवडीचा तो व्यासंग, आणि जो दुसऱ्याच्या आवडीचा तो परिग्रह, असा न्याय आम्ही केला होता. तेव्हा उपदेश बाजूस ठेवून मूळ प्रश्नच नीट समजून घ्यावा, असे आम्ही मनाशी ठरविले आणि दुसऱ्या दिवशी त्यास आपण होऊन बोलावले.

प्रथम त्या भिंगाचे स्वरूप. ज्या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही फलक ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतो, त्यावर ५० मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग सर्वसाधारण मानले जाते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ते सुमारे ४७ अंशांचा कोन पाहते. २४ मिलिमीटरचे भिंग ८४ अंश पाहते. त्याहून आखूड, म्हणजे २० मिलिमीटरच्या आसपास व त्याखालची जी भिंगे, त्यांस अल्ट्रा वाइड म्हणतात. १६ मिलिमीटरच्या भिंगाचा कोन १०७ अंशांपर्यंत जातो. ज्या कॅमेऱ्यांतील फलक लहान असतो, त्यांत हे आकडे साधारण दीडपटीने बदलतात. तेथे १६ मिलिमीटरचे भिंग २४ सारखे वागते. ही गोष्ट ध्यानात न घेता भिंग घेणाऱ्याची निराशा ठरलेलीच.

गणित सोपे आहे. आमचा चौक चौदा फूट खोल आणि समोरची ओसरी तीस फूट रुंद. चौदा फुटांवरून ५० मिलिमीटरचे भिंग समोरचे दहा फूट दाखविते, २४ मिलिमीटरचे एकवीस फूट, आणि १६ मिलिमीटरचे साडेएकतीस फूट. पुतण्याजवळ २४ पर्यंतचे भिंग होते. म्हणजे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ही हौस नव्हती, अडचण होती. मागची भिंत हलविणे शक्य नव्हते. आमच्या प्रवचनात या भिंतीचा विचारच झाला नव्हता.

येथपर्यंत भिंगाची बाजू वरचढ होती. तरी आम्ही त्यास एक काम सांगितले. आजचे कॅमेरे प्रत्येक चित्रासोबत ते कोणत्या नाभ्यंतरावर घेतले त्याची नोंदही ठेवतात. "गेल्या दोन वर्षांतली तुझी चित्रं काढून पाहा," आम्ही म्हणालो, "आणि पाठ भिंतीला टेकल्यामुळे अडलास असं किती वेळा झालं ते मोज." त्याने प्रामाणिकपणे मोजले. २४ वर घेतलेली चित्रे ढिगाने निघाली. परंतु त्यांतील बहुतेक ठिकाणी मागे सरकावयास मोकळी जागा होती. हा गृहस्थच सरकला नव्हता. राजवाड्याचे ते सात मजली प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी. त्याच्यासमोर तर अहिल्याबाईंच्या पुतळ्याची बागच मोकळी आहे. तेथे दहा पावले मागे गेले असते, तर साध्या भिंगात काम झाले असते. शिवाय कॅमेरा वर कलवावा लागला नसता व वाड्याच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकल्याही नसत्या. खरोखर अडलेली चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. आमचा चौक, एका गल्लीतील लहान देऊळ, रंगपंचमीच्या गेरीत दोन वेळा, आणि एक जिना.

हे पाहून पुतण्या किंचित ओशाळला. मग त्याने जे उत्तर दिले ते आम्हांस फार मोलाचे वाटले. तो म्हणाला, "काका, मोजून पाहिलं तर गरज नाही हे कळतं. पण चित्र काढताना कडेचं काही सुटलं की जीव तळमळतो. वाटतं, हे राहिलं, ते राहिलं. सगळं यावं असं वाटतं."

सगळे यावे! या वादाचे मर्म या दोन शब्दांत होते. वासना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सोने, जमीन, अन्न येते; परंतु काहीही सुटू नये ही देखील एक वासनाच आहे, आणि ती सात्त्विक वेष घेऊन येते म्हणून ओळखू येत नाही. यात्रेस निघालेला मनुष्य एका दिवसात नऊ देवळे उरकतो, कारण एखादे राहून गेले तर? लग्नात दोन हजार माणसे बोलावतो, कारण कोणी राहून गेले तर? आणि शेवटी एकाही देवाजवळ तो क्षणभर थांबलेला नसतो, एकाही पाहुण्याशी धड बोललेला नसतो. भिंगाचा नियमही तोच आहे. एकाच जागी उभे राहून ५० ऐवजी १६ मिलिमीटरचे भिंग लावले की चित्रात पुष्कळ मावते खरे, पण त्यातील प्रत्येक वस्तू पूर्वीच्या तृतीयांशाहूनही लहान होते. सभामंडप संपूर्ण येतो आणि देव अंगठ्याएवढा होतो. चौकट तेवढीच राहते. तीत जितके अधिक कोंबाल तितका प्रत्येकाचा वाटा कमी.

म्हणूनच या भिंगाचे जाणते वापरकर्ते ते दूरचे सर्व काही गोळा करण्यासाठी वापरीत नाहीत. ते एखाद्या वस्तूच्या अगदी जवळ जातात, तिला पुढे मोठे स्थान देतात, आणि तिच्या मागे तिचा परिसर उभा करतात. गेरीत गुलालाने माखलेला एक हात पुढे आणि त्याच्यामागे ती सारी गल्ली, असे चित्र याच भिंगाने निघते. ज्यास जवळ जाण्याचे धैर्य नाही, त्यास हे भिंग केवळ रिकामे आकाश आणि रिकामी फरशी देते. मात्र येथे व्यवहाराचीही एक सूचना करणे अवश्य आहे. अशा पुष्कळ भिंगांची पुढची काच घुमटासारखी फुगीर असते. तिच्यावर संरक्षक काच आटे फिरवून बसत नाही. रंगपंचमीस ते घेऊन बाहेर पडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या गावचाच एक दाखला पाहू. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे नाव भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात अग्रभागी आहे. रुडकीस शिक्षण झाल्यावर १८६६ साली ते नोकरीनिमित्त इंदुरास आले. बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करणे हे त्यांचे काम. छायाचित्रणाचा नाद त्यांस येथेच लागला. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांचा आश्रय व उत्तेजन त्यांस येथेच मिळाले. पुढे मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची त्यांनी घेतलेली चित्रे लेपेल ग्रिफिन यांच्या १८८६ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्या काळी चित्र काचेच्या पाटीवर घेत. पाट्या जड, नाजूक व खर्चाच्या. बैलगाडीतून किंवा मजुरांच्या डोक्यावरून त्या नेणे आले. एका वास्तूसाठी शंभर चित्रे घेऊन त्यांतून एक निवडण्याची चैन कोणास नव्हती. तेव्हा कोठे उभे राहावे, कोणत्या प्रहरी उभे राहावे, चित्रात काय यावे आणि काय येऊ नये, हे सारे पाटी उघडण्यापूर्वीच ठरवावे लागे. नकाशे काढणाऱ्या माणसास उभे राहण्याच्या जागेचे मोल कळत असणार हे उघड आहे. आज आपणांपाशी साधने अगणित झाली. पण "मी कोठे उभा आहे" हा प्रश्न कोणत्याही भिंगाने सुटत नाही. भिंग केवळ चौकट रुंद-अरुंद करते. जवळचे किती मोठे व दूरचे किती लहान दिसावे, हे उभे राहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते.

असो. रथसप्तमी जवळ आली. चौकाची अडचण खरी होती, म्हणून शहरातून दोन दिवसांसाठी १६ मिलिमीटरचे भिंग भाड्याने आणावे असे ठरले. आदल्या दिवशी रिकाम्या चौकाची चित्रे घेतली, ती उत्तम आली. ओसरीचे सहाही खांब, तुळशीवृंदावन, कोपऱ्यातला रांजण, देवघराची चौकट, सारे एका चित्रात. रेषा कशा आखल्यासारख्या सरळ. आम्हांस गहिवरून आले. असा संपूर्ण वाडा आम्ही जन्मात पाहिला नव्हता, कारण तेथे राहणाऱ्याच्या डोळ्यांस तो एका दृष्टिक्षेपात कधी दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पंगत उठली, आणि सुमारे तीस माणसे ओसरीवर उभी राहिली. मुले पुढे, तरुण मध्ये. आमच्या आत्याबाईंना, ज्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे आणि ज्यांचा जन्मच त्या वाड्यातील माजघरात झाला, चालण्याचे श्रम नकोत म्हणून त्या बसल्या होत्या तेथेच, ओसरीच्या उजव्या टोकास, राहू दिले. चित्र घेतले. संध्याकाळी ते मोठ्या पडद्यावर सर्वांस दाखविले. मधली माणसे जशीच्या तशी होती. आत्याबाईंचा चेहरा मात्र आडवा ताणलेला, खांदे फुगलेले, डोके भोपळ्यासारखे रुंद. पोरे हसू लागली. आत्याबाईंनी चष्मा सारखा केला, क्षणभर पाहिले, आणि म्हणाल्या, "हे कोण रे बसवलंय माझ्या जागी?"

कोणीही उत्तर दिले नाही. ज्या वाड्यात एकट्या त्याच जन्मल्या होत्या, त्या वाड्याच्या शेवटच्या चित्रात एकट्या त्याच ओळखू येत नव्हत्या.

यात भिंग सदोष होते काय? नव्हते. तो भूमितीचा नियम आहे. विशाल कोनाचे दृश्य सपाट कागदावर उतरविताना दोन गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत: एक तर सरळ रेषा सरळ राहतील, नाही तर कडेच्या गोल वस्तू गोल राहतील. जे भिंग भिंती व खांब सरळ राखते, ते कडेच्या गोल वस्तूस बाहेरच्या अंगास ताणते. १६ मिलिमीटरच्या भिंगात डाव्या-उजव्या कडेस हा ताण दीडपट होतो, २४ मध्ये सव्वापट. याउलट माशाच्या डोळ्याचे म्हणून जे भिंग प्रसिद्ध आहे, त्यात चेहरे पुष्कळसे शाबूत राहतात, पण खांब धनुष्यासारखे वाकतात. जगाच्या नकाशाचेही असेच आहे. १५६९ साली मर्केटर याने जो नकाशा सिद्ध केला, त्यात नावाड्यांना दिशा अचूक मिळतात. पण ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. प्रकाशाचीही तीच कथा. मधल्यास भरपूर आणि कडेच्यास कमी, हा भिंगांचा स्वभाव. १९०० साली बर्लिनच्या गोर्ट्झ कारखान्याने 'हायपरगॉन' नावाचे १३० अंशांहून अधिक पाहणारे भिंग काढले. त्यात कडा इतक्या अंधाऱ्या येत की मधला प्रकाश थोपविण्यासाठी भिंगापुढे चांदणीच्या आकाराचे एक लहान चक्र रबरी फुग्याच्या वाऱ्याने फिरवावे लागे. कडेच्यास न्याय मिळावा म्हणून मधल्याने आपल्या वाट्याचा प्रकाश थोडा सोडावयाचा, ही युक्ती त्या कारागिरांना सुचली. समाजास ती अजून पुरतेपणी सुचलेली नाही.

हाच विचार आम्हांस त्या रात्री झोपू देईना. "आम्ही सर्वांस सामावून घेतो" असे म्हणणे सोपे आहे. कुटुंबे असे म्हणतात, संस्था म्हणतात, देवस्थानेही म्हणतात. परंतु सामावून घेतल्याची किंमत कोण देतो? मध्ये उभा असलेला देत नाही. तो जसाच्या तसा राहतो, आणि चित्र सुरेख आले असे म्हणतो. किंमत कडेचा देतो. मोठ्या पंगतीत शेवटच्या पानावरील म्हातारा, मोठ्या घरात स्वयंपाकघराच्या दारापाशी उभी असलेली विधवा काकू, मोठ्या उत्सवात मांडवाच्या बांबूपाशी बसलेला गडी, हे सारे चौकटीत असतात; त्यांस वगळले असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्यांचे रूप पाहावे तर ते त्यांचे राहिलेले नसते. आत्याबाईंना कोणी वगळले नव्हते. उलट त्यांना श्रम नकोत म्हणूनच तेथे राहू दिले होते. आमच्या सोयीस आम्ही त्यांची सोय म्हटले, हा दोष भिंगाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगण्यापूर्वी पुन्हा सर्वांस उभे केले. या वेळी पुतण्याने आपण होऊन जागा ठरविल्या. आत्याबाईंची खुर्ची मधोमध, वडील मंडळी त्यांच्या दोन्ही अंगांस, तरुण त्यांच्या मागे, आणि दोन्ही टोकांस एकही माणूस नाही; तेथे केवळ खांब व भिंती. कारण कॅमेऱ्यास समांतर असलेली सपाट भिंत या ताणाने विद्रूप होत नाही. जड वस्तू कडेस राहून काही गमावीत नाही. चित्र निर्दोष आले. त्यानंतर त्याने भाड्याचे भिंग काढून ठेवले, आपले ५० मिलिमीटरचे भिंग चढविले, आणि माजघराच्या दारापाशी, आत्याबाई जेथे जन्मल्या तेथे, त्यांचे एकटीचे चित्र घेतले. त्यात वाडा जवळजवळ नाहीच. दाराची एक फळी, एक कडी, आणि तो चेहरा.

जाता जाता त्याने आदल्या दिवशीच्या बिघडलेल्या चित्राविषयी एक गंमत सांगितली. अठरा इंच रुंदीचे ते चित्र आठ इंचांवरून, एक डोळा मिटून, मध्यावर दृष्टी ठेवून पाहिले, तर कडेचा ताण नाहीसा होतो. कारण डोळा तेव्हा भिंगाच्याच जागी येतो. आम्ही तसे करून पाहिले. खरोखर आत्याबाई पूर्ववत दिसल्या. आम्ही कौतुकाने ते त्यांस सांगितले, तर त्या म्हणाल्या, "अरे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला असं नाकाला लावून बघायला कोण सांगत बसणार?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. योग्य जागेवरून पाहिल्यास कोणीही मनुष्य विद्रूप नसतो. पण त्या जागेवर येऊन पाहण्याची तसदी घेणारे फार थोडे.

यावरून अतिविशाल दृष्टी वाईट व संकुचित दृष्टी चांगली, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चूक होईल. आपल्या देवळांची रचनाच याचे उत्तर देते. सभामंडप ऐसपैस; तेथे कीर्तन, पंगत, पोरांचा धुमाकूळ, सर्वांस वाव. त्यापुढे अंतराळ अरुंद. आणि गाभारा इतका लहान व काळोखा की समईच्या उजेडात मूर्तीवाचून दुसरे काही दिसू नये. ज्या इंद्रेश्वरावरून आपल्या गावास इंदूर नाव पडले असे मानतात, त्याच्यासारख्या शिवालयांत आपण नंदीमागे वाकतो, त्याच्या शिंगांवर अंगठा व तर्जनी टेकवितो आणि त्या दोन बोटांच्या चौकटीतून पिंडीकडे पाहतो. या शृंगदर्शनात सारे जग वगळले जाते, आणि तरी काही राहून गेले असे कोणास वाटत नाही. ज्या शिल्पींनी सभामंडप बांधला, त्यांनीच गाभारा बांधला. दोहोंपैकी कोणता खरा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कोठे कोणता, एवढेच त्यांनी ओळखले. आमच्या वाड्याचे ते चौकाचे चित्र हा आमचा सभामंडप होय, आणि माजघराच्या दारातले चित्र हा गाभारा. एक असते आणि दुसरे नसते, तर आठवण अपुरी राहिली असती.

मग भिंग घेतले काय? पुतण्याने ते घेतले नाही. भाडे आणि किंमत यांचा हिशेब त्याने कागदावर मांडला. वर्षातून चार-पाच दिवसांच्या कामासाठी भाडेच परवडते, असे दिसून आले. तथापि त्याने निर्णय आमच्या प्रवचनावरून घेतला नाही, आपल्याच चित्रांची मोजदाद करून घेतला, यात आम्हांस अधिक समाधान आहे. उद्या त्याने गल्लीबोळांतील जुन्या वास्तूंची नोंद करण्याचे काम अंगावर घेतले, आणि आठवड्यातून दोन दिवस त्याची पाठ भिंतीस टेकू लागली, तर तेच भिंग घेणे हा परिग्रह ठरणार नाही. न घेणे हा आळस ठरेल. सुताराच्या पेटीतील दहा पटाशा हा संग्रह नव्हे. वस्तूचे योग्यायोग्यत्व वस्तूत नसते, हाती असलेल्या कामात असते.

ज्या कुटुंबांतील तरुण असा प्रश्न घेऊन येतील, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी आमच्याप्रमाणे प्रथम उपदेश करू नये. त्यास तीन गोष्टी विचाराव्यात. तुझी पाठ खरोखर भिंतीस टेकली आहे काय, की मागे सरकण्याचा तुला कंटाळा आहे? जवळ जाण्याची तुझी तयारी आहे काय, की दुरूनच सर्व काही गोळा करावयाचे आहे? आणि या रुंद चौकटीच्या कडेस तू कोणास उभे करणार आहेस? पहिल्या दोहोंची उत्तरे समाधानकारक आली आणि तिसऱ्याचे उत्तर "भिंतींना" असे आले, तर खुशाल भिंग घेऊ द्यावे. तोपर्यंत एक-दोनदा भाड्याने आणून पाहावे; रिकाम्या वास्तूचे चित्र हवे असेल तर तीन-चार चित्रे शेजारी शेजारी घेऊन ती संगणकावर जोडावीत; आणि अनेक मोबाइलांत आज अतिविशाल कोनाचे लहान भिंग असतेच, त्यावर हात बसवावा. हे उपाय जवळजवळ फुकटचे आहेत. कडेचा ताण मात्र त्या सर्वांत थोडाफार राहतोच, हे विसरू नये.

आणखी एक विनंती. आपल्या सभासदांपैकी ज्यांचे जुने वाडे अद्याप उभे आहेत, त्यांनी चित्रे काढण्यासाठी वाडा विकण्याची वाट पाहू नये. घरातील सर्वांत वडील माणूस ज्या दारात नेहमी बसतो, त्या दारात त्याचे एक चित्र साध्या भिंगाने आजच घ्यावे. चौक पुढे-मागे येईल.

गुढीपाडव्यास आम्ही किल्ल्या दिल्या. आत्याबाई आता आमच्याकडे असतात. त्यांच्या खोलीत दोन्ही चित्रे लावली आहेत. चौकाचे मोठे चित्र पाहुण्यांना दाखविताना त्या एकेका माणसाचे नाव सांगतात, आणि कोण कोठे असते तेही सांगतात. दुसरे लहान चित्र त्या कोणास दाखवीत नाहीत. दुपारी सर्व निजले की ते काढून हातात घेतात, आणि त्यातील दाराच्या कडीकडे पाहत बसतात.